क्षेत्रीय कार्यालयांची स्थाननिवड : नाशिक जिल्ह्यातील भूस्थानिक विश्लेषण

तलाठी सजा, महसूल मंडळ, मंडळ कृषी अधिकारी, दुय्यम निबंधक, वीज कंपनीचे शाखा कार्यालय अशी लोकांचा रोजचा संबंध येणारी कार्यालये नेमकी कोठे असावीत, हे वस्ती, रस्ते आणि प्रवासाचा वेळ नकाशावर एकत्र मांडून ठरवण्याची पद्धत. एरवी हा निर्णय इमारत कोठे मोकळी आहे, भाडे किती आणि कोणत्या गावाचा जोर जास्त यांवर होतो. नकाशा मांडल्याने हे दबाव नाहीसे होत नाहीत. मात्र कोणत्या पाड्यावरच्या माणसाचा अख्खा दिवस जाणार आणि कोणाचे काम तासाभरात उरकणार, हे सहीच्या आधी कागदावर येते.

नाशिक जिल्ह्यात या पद्धतीचा चांगलाच कस लागतो. तालुके १५, क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौ. किमी. आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६१,०७,१८७. निफाड, येवला, मालेगाव या बाजूला सपाटी आणि मोठी गावठाणे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे डोंगर, घाट आणि एका महसुली गावात विखुरलेले अनेक पाडे. दोन्हीकडे एकच मोजपट्टी चालत नाही. आरोग्य खात्याने हे निकषातच मान्य केले आहे: प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे, तर आदिवासी व डोंगरी भागात २०,००० मागे. अंतरामुळेच मालेगावला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे, आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय नाशिकखेरीज कळवणलाही आहे, आणि १९९९ मध्ये त्र्यंबकेश्वर व देवळा हे तालुके वेगळे झाले.

महसुली हद्दींना कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार कोणती गावे मिळून एक सजा आणि कोणत्या सजा मिळून एक मंडळ, हे जिल्हाधिकारी आदेशाने ठरवतात. त्याआधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हरकतींच्या सुनावणीत ‘आम्हाला ते गाव लांब पडते’ हे वाक्य हमखास येते. ते किती खरे आहे हे मिनिटांत सांगता येणे, हा या विश्लेषणाचा सर्वांत रोकडा उपयोग.

माहितीची जुळवाजुळव

एकूण कामाचा निम्म्याहून अधिक वेळ येथे जातो. लागणारे थर (नकाशावर एकावर एक घालायची माहिती) असे: गावांच्या हद्दी व जनगणना कोड, गावठाणे आणि पाड्यांचे बिंदू, रस्ते, उंचीचे प्रतिमान (जमिनीच्या चौकटी पाडून प्रत्येकीची उंची देणारा नकाशा), एसटीच्या फेऱ्या, सध्याची कार्यालये आणि पूररेषा. रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची खुली माहिती एकमेकांवर घालून पाहावी. एकात नसलेला रस्ता बऱ्याचदा दुसऱ्यात सापडतो. उंचीसाठी सुमारे ३० मीटर विभेदनाचे (म्हणजे ३० मीटरच्या चौकटींचे) एसआरटीएम किंवा कार्टोसॅट हे अवकाशातून मोजलेले प्रतिमान पुरते.

गावे जोडताना नावावर विसंबू नये. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात, वडनेर दुमाला नाशिक तालुक्यात आणि वडनेर खाकुर्डी मालेगाव तालुक्यात. यादीत नुसते ‘वडनेर’ असेल तर संगणक पहिले सापडेल ते उचलतो. बुद्रुक-खुर्दच्या जोड्या आणि ‘पिंपळगाव’ यांचीही तीच गत. जोडणी कोडनेच करावी, आणि न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून हाताने तपासाव्यात.

दुसरी चूक प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. अक्षांश-रेखांशांतच बफर (बिंदूभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ) काढला तर वर्तुळ प्रत्यक्षात वर्तुळ राहत नाही: नाशिकच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.६ किमी. भरतो, तर अक्षांशाचा सुमारे ११०.७ किमी. म्हणून सगळे थर आधी डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम विभाग ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणावेत. २० अंशांचा अक्षांश नाशिक शहरातूनच जातो. त्यामुळे जुन्या १:५०,००० मापाच्या टोपोशीटवर (भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर) शहर ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ अशा दोन पानांत विभागले जाते. ती पाने एव्हरेस्ट आधारावरची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचे वेगळे माप धरून काढलेली असतात. रूपांतर न करता जोडली तर बिंदू जागचे हलतात.

तिसरी आणि पश्चिम पट्ट्यातली सर्वांत महाग चूक म्हणजे गावाच्या हद्दीचा मध्यबिंदू म्हणजे गाव, असे धरणे. पेठ-सुरगाण्यात हा मध्यबिंदू सर्रास जंगलात, डोंगराच्या कड्यावर नाही तर धरणाच्या पाण्यात पडतो. पाड्यांचे बिंदू उपग्रह चित्रावरून घरे पाहून टाकावे लागतात. लोकसंख्या मात्र गावाचीच मिळते, ती घरांच्या संख्येच्या प्रमाणात पाड्यांवर वाटायची. आणि ही लोकसंख्याही वर्षभर तेथे नसते. भात काढल्यावर या पट्ट्यातली कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात.

प्रवासाचा वेळ

सरळ रेषेतले अंतर घाटाच्या बाजूला निरुपयोगी असते. समोरासमोरच्या दोन पाड्यांमध्ये दरी असेल तर हाक ऐकू येते, पण गाडी वळसा घालूनच जाते. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावर वेळ मोजतात. सुरुवातीला राष्ट्रीय महामार्ग ताशी ५५ ते ६०, राज्यमार्ग ४५, जिल्हा मार्ग ३० ते ३५, ग्रामीण रस्ता २० किमी. असे वेग धरून पाच-सहा मार्गांवर प्रत्यक्ष गाडी चालवून ते दुरुस्त करावेत. नाशिक-पेठ रस्त्यावरच्या सावळघाट आणि कोटंबी घाटासारख्या टप्प्यांना वेगळा वेग द्यावा लागतो. मालवाहू गाडी पुढे असली की तोही मिळत नाही. पायवाटांसाठी चढ-उतारावरून चालण्याचा वेग काढणारे टोब्लरचे १९९३ चे सूत्र वापरतात. त्यानुसार सपाटीवर ताशी सुमारे ५ किमी., २० टक्के चढावर सुमारे अडीच. हा उतार-हिशेब मोटारीच्या रस्त्याला मात्र लावू नये. नागमोडी रस्ता उंचीच्या प्रतिमानातल्या ३० मीटरच्या चौकटी कापत जातो, आणि संगणकाला तो उभा कडा वाटतो.

जाळ्यातले तुटलेले सांधे डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर दोन रेषा जुळलेल्या वाटतात, त्यांच्यात दोन मीटरची फट असते, आणि शेजारच्या गावाला जायला मार्ग चाळीस किमी. फिरवून आणतो. उपाय सोपा आहे: गाव-कार्यालयाच्या प्रत्येक जोडीसाठी रस्त्याचे अंतर भागिले सरळ अंतर काढावे. सपाटीवर हे गुणोत्तर दीडच्या आत असते, सह्याद्रीत दोनपर्यंत जाते. तीनच्या पुढे गेलेली प्रत्येक ओळ उघडून पाहावी. जिल्ह्याच्या हद्दीवर जाळे कापणेही असेच फसवते. सुरगाण्याच्या सीमेवरची माणसे बाजारासाठी, दवाखान्यासाठी गुजरातेत जातात-येतात आणि त्यांचे काही सोयीचे रस्ते पलीकडूनच जातात. रस्ते-आरोग्याच्या गैरसोयीचे कारण देत या भागातील गावांनी २०२२ च्या अखेरीस गुजरातला जोडण्याची मागणी केली होती. हद्दीबाहेरचा वीस-पंचवीस किमी. पट्टा जाळ्यात ठेवावा.

पावसाळ्यासाठी गणित पुन्हा करायचे. ज्यांवरून पाणी जाते ते फरशी पूल जाळ्यातून काढून तेच गणित चालवले, की उन्हाळ्यात अर्ध्या तासावर असलेले काही पाडे ‘मार्ग नाही’ असे उत्तर देतात. हे पूल कोणते, हे नकाशापेक्षा एसटीचा चालक अचूक सांगतो.

खरा प्रश्न एसटीचा आहे. ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांच्यासाठी वेळ म्हणजे वेग नव्हे, वेळापत्रक. समजा, पाड्यावरची मुक्कामी गाडी सकाळी सहाला सुटून आठला पोहोचते. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. परतीची गाडी दुपारी तीनला. म्हणजे एका बाजूच्या दोन तासांच्या प्रवासासाठी माणूस अकरा तास घराबाहेर, आणि साहेब बाराच्या पुढे आले तर काम दुसऱ्या खेपेला. म्हणून आगाराकडून फेऱ्यांचा तक्ता घेऊन प्रत्येक बिंदूसाठी ‘कार्यालयात मिळणारी मिनिटे’ असा वेगळा स्तंभ करावा. काळी-पिवळी जीप भरली की सुटते, तिला वेळापत्रक नसते; ती बाजाराच्या दिवशीच धरावी. बाजार आणि कार्यालय एकाच खेपेत उरकणे ही जुनी सवय आहे. बाजार शनिवार-रविवारचा असेल तर पाच दिवसांच्या आठवड्याने ती मोडली, आणि त्या गावाचे केंद्र म्हणून वजन कमी धरावे लागते.

प्रतिमान आणि निवड

आता संभाव्य ठिकाणांची यादी करून त्यांतून निवड करायची. ४० ठिकाणांतून ६ निवडायची तर ३८,३८,३८० संच होतात. संगणकाला ते जड नाही. कठीण आहे ते काय कमी करायचे हे ठरवणे. सर्वांचा एकूण प्रवास कमीत कमी व्हावा, ही पी-मीडियन पद्धत (हाकिमी, १९६४). ठरावीक वेळेत जास्तीत जास्त लोक बसावेत, ही महत्तम आच्छादन पद्धत (चर्च व रेव्हेल, १९७४). सर्वांत लांबच्या माणसाचा प्रवास कमी व्हावा, ही तिसरी.

एका रस्त्यावरची चार कल्पित गावे घेऊ: पहिले ४,००० वस्तीचे, तेथून ३० मिनिटांवर १,२०० चे, ५० मिनिटांवर ६०० चे आणि ९० मिनिटांवर ३०० चा पाडा. कार्यालय पहिल्या गावात ठेवले तर सरासरी प्रवास १५ मिनिटे, पण पाड्याला ९०. दुसऱ्या गावात नेले तर सरासरी २५, पाड्याला ६०. तिसऱ्या गावात सरासरी ३९, आणि कोणालाच ५० च्या वर नाही. पी-मीडियन पहिले गाव निवडते, शेवटची पद्धत तिसरे. यांतले बरोबर कोणते हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, आणि ‘संगणकाने सुचवले’ असे टिपणीत लिहिणे म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या माथी मारणे. व्यवहारात कमाल मर्यादा आधी बांधून (उदा. ६० मिनिटे) त्या चौकटीत सरासरी कमी करणे बरे पडते, वरच्या उदाहरणात त्याने दुसरे गाव येते.

सध्याच्या कार्यालयांची गणना करताना एक गोष्ट हमखास सुटते: अतिरिक्त पदभार. एकाच तलाठ्याकडे दोन सजा असतील आणि तो आठवड्यात दोनच दिवस येथे बसत असेल, तर नकाशावरचा तो ठिपका पूर्ण नव्हे, पाचांत दोन, म्हणजे ०.४ धरावा. असे केल्यावर ‘कार्यालय आहे’ अशी दिसणारी गावे एकदम फिकी पडतात. तेथे नव्या इमारतीपेक्षा रिक्त पद भरणे स्वस्त असते.

प्रत्यक्ष जागा

गणिताने तीन-चार गावे निघतात, भूखंड नाही. भूखंडासाठी सातबारा काढून भोगवटा आणि इतर हक्कांचा रकाना पाहावा. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाबाबतच्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान जमीन सहज मिळत नाही. वनजमिनीवर वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मधील सवलत शाळा, अंगणवाडी, रास्त भाव दुकान यांसारख्या १३ सुविधांना आहे. महसूल कार्यालय त्या यादीत नाही, त्यामुळे ‘शाळेला मिळाली मग आम्हालाही मिळेल’ हा हिशेब फसतो. नदीकाठी निळी रेषा (२५ वर्षांतून एकदाच्या पुराची) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदाच्या पुराची) पाहावी. गोदाकाठी लोक पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, पाणी कमरेला की छातीला. फेरफार नोंदवह्या तळमजल्यावर ठेवायच्या की नाहीत हे ठरवायला ते मापही पुरेसे बोलके आहे.

मोबाइल आणि इंटरनेट इमारतीच्या आत उभे राहून, वीज गेलेली असताना तपासावे, कारण ऑनलाइन फेरफार त्यावरच चालतो. त्र्यंबकेश्वरसारख्या ठिकाणी श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गर्दी लोटणाऱ्या तिसऱ्या सोमवारी, वाहतूक वळवलेली असते. गावाच्या आतली जागा त्या दिवशी पोहोचता येत नाही, बाहेरच्या रस्त्यावरची येते.

कार्यालय सुरू झाल्यावर आवक नोंदवहीत अर्जदाराच्या गावासोबत पाड्याचेही नाव लिहिण्यासाठी रकाना वाढवावा. सहा महिन्यांनी त्या नोंदी नकाशावर टाकल्या की ज्या पाड्यांवरून अपेक्षेपेक्षा फारच कमी अर्ज आले ते उठून दिसतात. आधी तेथील एसटीच्या फेऱ्या आणि स्थलांतराचा हंगाम तपासावा, मग जागेचा विचार करावा.