बेसबॉलचे अंपायर घरी गेलेले नाहीत

‘अमेरिकेत आता स्ट्राइक की बॉल हे यंत्रच ठरवतं, अंपायर नुसता शोभेला’ असं सर्रास सांगितलं जातं. (बॅटरने न मारलेला चेंडू झोनमधून, म्हणजे प्लेट या जमिनीतल्या पाटीवरच्या ठरावीक जागेतून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल.) तसं नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, 2026पासून आलंय ते आपल्या डीआरएससारखं आव्हान. पहिला निर्णय माणसाचाच. संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. बॅटर, पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचरनेच (बॅटरमागे चेंडू झेलणारा) लगेच स्वतःच्या डोक्यावर टपली मारून ते मागायचं. प्रत्येक चेंडू यंत्राने तोलतात ते दक्षिण कोरियात, 2024पासून.

आणि यंत्र म्हणजे नियमपुस्तक, हीसुद्धा लोणकढीच! पुस्तकातल्या झोनला प्लेटइतकी खोली आहे; मेजर लीगचं यंत्र प्लेटच्या मध्यावरची सपाट चौकट तेवढी बघतं. त्यामुळे पुढच्या कडेला झोन चाटून झपकन खाली जाणारा कर्व्हबॉल पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, यंत्राप्रमाणे बॉल.