मशेरीवरील बंदीची पार्श्वभूमी: 1992 पासून आजपर्यंत

दात आयुष्यभर टिकवायचे तर आधी हिरडी सांभाळावी लागते, आणि महाराष्ट्रात हिरडीच्या आरोग्याचा विचार मशेरीला, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूच्या भुकटीला, वगळून करता येत नाही. राखुंडी आणि बाभळी-कडुलिंबाची काडी यांच्या जोडीने मशेरीही सकाळच्या मुखमार्जनात बसली. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली, पुढे देशभर पसरली. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून दातांना लावण्याची रीत विशेषतः बायकांमध्ये रुजली, कारण विडी ओढणे ज्यांना शोभत नाही असे समाज मानत होता, त्यांनी दात घासण्याला कोणी हरकत घेत नसे. दुखऱ्या दाताला मशेरीने घटकाभर आराम वाटे. तलफ लागली की ती दिवसातून अनेकदा लावली जाई आणि बराच वेळ हिरडीवर तशीच राही.

या सवयीचा परिणाम संशोधकांनी मोजायला घेतला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून केलेला अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला आणि तंबाखूच्या निरनिराळ्या सवयींचा तोंडाचा कर्करोग व त्याआधीच्या विकृतींशी असलेला संबंध त्यात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. मशेरी जिथे घासली जाते तिथे हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, दात हलू लागतो. सततच्या संपर्काने पांढरे चट्टे उठू शकतात आणि त्यांतील काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली दाताचा आधारच नाहीसा होत होता, ही गोष्ट दंतवैद्यांना दवाखान्यात दिसत होती, पण कायद्याच्या भाषेत यायला तिला आणखी वीस वर्षे लागली.

एप्रिल 1992 मध्ये केंद्र सरकारने 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि टूथपावडर यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. या निर्णयाचे महत्त्व त्याच्या चौकटीत आहे. तंबाखूवर बंदी घालण्याचे धाडस सरकारने केले नाही, पण दंतमंजन म्हणून तंबाखू विकता येणार नाही एवढे ठामपणे सांगितले. आरोग्याचे साधन म्हणून ग्राहक ज्या डबीवर विश्वास ठेवतो तिच्यात व्यसन लावणारा पदार्थ नसावा, ही त्यामागची साधी आणि माझ्या मते पूर्णपणे न्याय्य भूमिका होती. उत्पादक व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन न्यायालयात गेले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ही बंदी लोकहिताची ठरवून कायम केली. तिथे वाद संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण 2003 साली संसदेने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिराती, व्यापार आणि वेष्टनांवरील इशारे यांविषयी जो स्वतंत्र कायदा केला, त्याच्या अनुसूचीत सिगारेट, विडी, गुटखा यांच्याबरोबर तंबाखू असलेल्या दंतमंजनाचाही समावेश झाला. एका कायद्याखाली जे बनवणेच निषिद्ध, ते दुसऱ्या कायद्यात इशारा छापून विकण्याच्या वस्तूंच्या यादीत. या तरतुदीचा बचाव करता येतो, कारण जे बाजारात चोरून येते त्यावरही नियंत्रण हवे आणि जाहिरातबंदीतून काही सुटू नये, म्हणून यादी व्यापक ठेवली असे म्हणता येईल. व्यवहारात मात्र निरीक्षकाच्या हाती संदिग्धता आली. पुडीवर ‘मंजन’ लिहिले तर 1992 ची बंदी लागू होते, नुसते ‘मशेरी’ किंवा ‘तंबाखू’ लिहिले तर इशाऱ्याचे चित्र छापून ती विकता येते, आणि दोन्ही पुड्यांतील भुकटी एकाच प्रकारे हिरडीवर जाते. हे चित्र 2009 पासून सक्तीचे झाले आणि 2016 पासून त्याने वेष्टनाचा 85 टक्के भाग व्यापावा असा नियम आला, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला वेष्टनच नसते.

महाराष्ट्राने 2012 साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली ती 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या आधारे. ज्या वस्तूची ओळखच दात घासण्याची आहे ती अन्नाच्या व्याख्येत बसवणे अवघड, म्हणून राज्याची सर्वांत गाजलेली तंबाखूविरोधी कारवाई मशेरीच्या शेजारून निघून गेली. त्यानंतरच्या 2016-17 च्या देशव्यापी प्रौढ सर्वेक्षणात महाराष्ट्रातील तंबाखूसेवनाचे प्रमाण 2009-10 मधील 31.4 टक्क्यांवरून 26.6 टक्क्यांवर आल्याचे दिसले, मात्र त्यात धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते.

मशेरीचे नुकसान तोंडापुरते थांबत नाही. मुंबईतील गर्भवतींच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले, आणि या स्त्रियांतील बहुतेकींची सवय मशेरीचीच होती. प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या बाईला मशेरीविषयी विचारणे आणि तिची हिरडी पाहून दंतवैद्याकडे पाठवणे हे काम 1992 च्या अधिसूचनेच्या आवाक्यात कधीच नव्हते. ते आशाताई, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर यांच्याकडे येते, आणि त्यांना त्यासाठी वेळ व प्रशिक्षण देण्याचा प्रश्न आता धोरणापुढे आहे.