ऑक्सिजन सिलिंडर भरायला आणण्यापूर्वी : उंचावर उडणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दसरा जवळ आला की पाचगणी, वाई, कराड भागातील पॅराग्लायडिंग करणारे ग्राहक हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंगला उडायला जाण्याच्या तयारीला लागतात आणि सिलिंडर आमच्याकडे येतात. बहुतेकांना ते दुसऱ्या दिवशी हवे असतात. पण पुष्कळ सिलिंडर आम्हाला लगेच भरता येत नाहीत आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते : गेल्या मोसमात सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत वापरला, व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिला आणि सगळा पावसाळा तो साताऱ्याच्या दमट हवेत पडून राहिला.

शेवटचे २० बार वापरू नका

सिलिंडरात दाब (गेजवर तो 'बार' या एककात दिसतो) आहे तोवर बाहेरची हवा आत शिरत नाही. दाब संपला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला की सिलिंडर दिवसा तापून हवा बाहेर टाकतो आणि रात्री गार होऊन दमट हवा आत ओढतो. आत पाणी साचते. लोखंडी सिलिंडर आतून गंजतो, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात पांढरी भुकटी धरते.

गंजापेक्षा मोठा धोका हवेत गेल्यावर आहे. प्रमाण वातावरणात दर हजार फुटांना तापमान सुमारे २ अंशांनी उतरते, म्हणजे १६,००० फुटांवर बाहेर उणे १७ अंश. रेग्युलेटरमध्ये दाब उतरताना वायू आणखी गार होतो. त्यात ओलावा असेल तर बारीक छिद्रात बर्फ धरतो आणि प्रवाह कमी होतो किंवा थांबतो. गेज मात्र सिलिंडर भरलेला दाखवत राहतो. खाली टेबलावर तपासताना हा दोष दिसत नाही, म्हणून वरवर बघून 'चालेल' असे आम्ही म्हणत नाही.

असा सिलिंडर आला की व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून पाहावे लागते, गंज असेल तर साफ करावा लागतो, गरम कोरड्या नायट्रोजनने सुकवावे लागते, नवे सील घालून निर्वात करावे लागते आणि मग भरायचे. याला तीन-चार दिवस जातात आणि खर्च भरण्याच्या दरापेक्षा जास्त येतो. गेजवर २० बार उरले की व्हॉल्व्ह बंद करून तोंडाला टोपी लावलीत, तर हे सगळे टळते. टोपी हरवली असेल तर आमच्याकडून घेऊन जा, तिचे पैसे घेत नाही.

किती उंचीपासून लागतो?

दोन नियमांचे आकडे एकमेकांत मिसळले जातात. आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ नुसार केबिनमधील हवेचा दाब ७०० ते ६२० हेक्टोपास्कलच्या दरम्यान, म्हणजे साधारण १०,००० ते १३,००० फुटांवर, ३० मिनिटांपेक्षा जास्त काळ राहणार असेल तर वैमानिक दलासाठी आणि १० टक्के प्रवाशांसाठी ऑक्सिजन हवा. १३,००० फुटांच्या वर सर्वांसाठी, पूर्ण वेळ. अमेरिकी नियमात १२,५०० ते १४,००० फुटांदरम्यान ३० मिनिटांनंतर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा, १४,००० च्या वर सतत घ्यायचा आणि १५,००० च्या वर प्रत्येक प्रवाशाची सोय करायची. तिथल्याच मार्गदर्शनात दिवसा १०,००० आणि रात्री ५,००० फुटांपासून घ्यावा अशी शिफारस आहे. रात्रीचा आकडा कमी आहे, कारण प्राणवायू घटला की सगळ्यात आधी अंधारातली नजर मंदावते.

हे नियम विमानांसाठी लिहिलेले आहेत, पण ग्लायडरला लटकलेले शरीर वेगळे नसते. आमचा सल्ला १०,००० फुटांपासून सुरू करण्याचा आहे. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजायची. पाचगणीचे पठार सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथल्या नेहमीच्या उड्डाणांना ऑक्सिजन लागत नाही आणि त्यासाठी आम्ही कोणाला सिलिंडर विकतही नाही. बिलिंगचा टेक-ऑफ मात्र सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथून साडेसहाशे मीटर चढलात की १०,००० फूट झाले. 'मला काही होत नाही' यावर विसंबू नका. ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी बरेच वाटते, आत्मविश्वास वाढतो. १८,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय नीट निर्णय घेण्याचा अवधी २० ते ३० मिनिटे असतो, २५,००० वर ३ ते ५. बोटाच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नका. गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून हातमोज्याच्या आत ठेवा.

'आम्हाला कमी भरून दिला'

३२ अंशांवर १५० बार दाखवणारा सिलिंडर उणे १० अंशांत सुमारे १२९ बार दाखवतो. वायू गळालेला नसतो, गार झाल्याने दाब उतरलेला असतो. घाईने भरलेला सिलिंडर भरतानाच तापतो आणि घरी नेईपर्यंत गेज खाली येतो. म्हणून आम्ही सावकाश भरतो, गार होऊ देतो आणि पुन्हा मोजतो. 'अर्ध्या तासात द्या' म्हणणाऱ्यांना नाही म्हणावे लागते ते यासाठी.

हिशेब सोपा आहे. २ लिटर पाण्याच्या क्षमतेचा सिलिंडर १५० बारला ३०० लिटर ऑक्सिजन देतो. २० बारचे ४० लिटर राखले की उरले २६०. साध्या नाकातल्या नळीसाठी दर १०,००० फुटांना मिनिटाला १ लिटर असा ठोकताळा आहे, म्हणजे १५,००० फुटांवर दीड लिटर. २६० लिटर पावणेतीन तासांहून थोडे जास्त पुरतील. श्वास ओढला तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडणारे यंत्र जोडले तर तोच सिलिंडर साधारण तिप्पट पुरतो. ही यंत्रे आमच्याकडे जोडून, तपासून मिळतात. नाकातली नळी १८,००० फुटांपर्यंतच, त्यावर मास्क. पर्यटनस्थळी मिळणारा १० लिटरचा डबा याच हिशेबाने सात मिनिटेही पुरत नाही.

वेल्डिंगवाल्याकडे स्वस्त का मिळतो?

वायू बहुधा वाईट नसतो, फरक सिलिंडरच्या हाताळणीत असतो. आम्ही उणे १८३ अंशांच्या द्रव ऑक्सिजनपासून आलेला वायूच भरतो, त्यात ओलावा टिकत नाही, आणि भरण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडर निर्वात करतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या रुग्णालयातील संयंत्राचा वायू सुमारे ९३ टक्के शुद्ध असतो. रुग्णासाठी तो मान्य आहे, पण उड्डाणासाठी ९९.५ टक्के आणि कोरडा हवा.

तेल, ग्रीस, व्हॅसलीन यांना सक्त मनाई

दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकते. घट्ट व्हॉल्व्हवर गंज सोडवायचा स्प्रे मारून आणलेला सिलिंडर आम्ही पूर्ण धुतल्याशिवाय भरत नाही. आट्यांवर नळजोडणीची टेप गुंडाळू नका. ओठांना पेट्रोलियम जेली लावून मास्क चढवू नका. व्हॉल्व्ह हळू उघडा, झटक्याने उघडला तर रेग्युलेटरच्या तोंडाशी वायू दाबला जाऊन एवढा तापतो की आतले सील जळू शकते.

आणताना

सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा. पाच वर्षे उलटली असतील तर जलदाब चाचणीशिवाय भरता येत नाही, तसा नियमच आहे. परदेशातून आणलेल्या सिलिंडरला नागपूरच्या मुख्य स्फोटके नियंत्रकांची मान्यता नसेल तर तो आम्ही भरू शकत नाही. कृपया आग्रह करू नये. विमानाने जाणार असाल तर भरलेला सिलिंडर सामानातून नेता येत नाही, तेव्हा तिकीट काढण्याआधीच विचारा, तिकडे भरण्याच्या दृष्टीने कोणता व्हॉल्व्ह व जोडणी बरी ते सांगू.

निघण्याच्या दोन आठवडे आधी सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी तिन्ही एकत्र आणा. रेग्युलेटरशिवाय आलेल्या सिलिंडरची प्रवाह तपासणी करता येत नाही.