पुण्यात सरकारी योजनेतून फिजिओथेरपी: पात्रता, कागद आणि नेमके जायचे कुठे

गल्लीतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आयुष्मान कार्ड पुढे केले, तर बहुधा नकारच मिळेल. त्यात क्लिनिकची चूक नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रोज जाऊन व्यायाम, शेक घ्यायचा तर मार्ग वेगळा.

हाडाचे ऑपरेशन ठरले असेल, तर योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राचे (योजनेची नोंदणी आणि मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचे) टेबल गाठा. सोबत रेशनकार्ड आणि आधार हवे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. दोन्ही कागदांवर नाव वेगळे असले की नोंदणी अडकते. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढा फरकही पुरतो. दाखल असताना फिजिओचे वेगळे पैसे मागितले, तर बिल भरण्याआधी आरोग्यमित्राला विचारा किंवा योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर फोन करा. घरी जाण्याआधी व्यायाम लिहून आणि करून दाखवून घ्या. हे हमखास राहून जाते.

कारखान्यात किंवा कंपनीत पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) 0.75 टक्के कापले जात असतील, तर सर्वांत सोयीचा रस्ता तुमचाच. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात, बाह्यरुग्ण विभागातलेही. मात्र थेट बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ नका. आधी नेमून दिलेला दवाखाना, तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग रुग्णालय. ई-पहचान कार्ड (ईएसआयचे ओळखपत्र) आणि आधार जवळ ठेवा. आईवडिलांसाठी जायचे असेल, तर त्यांची नावे आश्रित म्हणून नोंदवलेली आहेत का, हे कंपनीच्या एचआरकडे आधीच तपासा.

यातले काहीच लागू नसेल, तर औंधचे जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने हा निर्णय तिथे धरून चालू नका. सकाळी लवकर केसपेपर काढा, आधी अस्थिरोग विभागात दाखवा. फिजिओकडे त्यांच्या शेऱ्यानेच पाठवतात. जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घरी राहिले, तर तो दिवस बहुतेक वाया जातो.