पाठचा वारा आणि बोटीवरचं सामान: थोडी पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात म्हादईचं नाव निघालं की बोलणं कळसा-भांडुऱ्याच्या पाणी वळवण्याच्या योजनेवर आणि 2018च्या पाणीवाटप लवादाच्या निवाड्यावर जातं. भीमगडच्या जंगलात उगम पावणाऱ्या या नदीचं नाव भारतीय नौदलाच्या एका 56 फुटी शिडाच्या नौकेलाही आहे, हे मात्र इकडे फारसं कुणी बोलत नाही. गोव्यात बांधलेली ‘म्हादई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी मारली. दोघेही दक्षिण महासागरातले पश्चिमी वारे पाठीशी घेऊन पूर्वेकडे गेले. जगाला फेरी मारणाऱ्यांचा बराचसा प्रवास असाच होतो. वारा मागून येतो आणि बोट त्याच्यापुढे पळत असते.

मग साधा प्रश्न पडतो. फेरीच्या बोटीला वारा बहुतेक वेळ मागूनच मिळणार असेल, तर ती मुळातच त्यासाठी का बांधत नाहीत? पाठच्या वाऱ्याचं सामान मागाहून, वेगळे पैसे मोजून का बसवावं लागतं? गोव्यात जुनी बोट घेतलेले आपल्या भागातले काही जण हल्ली हेच विचारतात. याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत बोटींच्या शिडांचं काय काय होत गेलं, त्यात आहे.

किनाऱ्यावरून बघणाऱ्याला पाठचा वारा सगळ्यात सोपा वाटतो. बारा नॉट, म्हणजे ताशी बारा सागरी मैल, वाऱ्यात बोट सहा नॉटनं पुढे पळू लागली की शिडाला वारा जाणवतो तो सहाच नॉटचा. मोठं शीड, म्हणजे मेनसेल, पुढच्या शिडाचा वारा अडवतं. पुढचं शीड मग एकदा फुगतं, एकदा लुळं पडतं आणि पुन्हा फटकन भरतं. अशा दर फटक्याला दोर, कड्या आणि डोलकाठी यांना झटका बसतो. लाटही मागून येत असल्यामुळे बोट डावी-उजवी डोलते. त्यात सुकाणू जरा हललं आणि वारा मेनसेलच्या मागच्या बाजूनं घुसला, तर बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, माणसांच्या डोक्यांच्या उंचीवरून एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. यालाच अपघाती जाइब म्हणतात. यात माणसं मेलेली आहेत.

जुन्या जहाजांना हा त्रास कमी होता. युरोपातल्या चौकोनी शिडांच्या जहाजांचं सगळं गणितच पाठच्या वाऱ्यावर बांधलेलं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या पत्तेमारीचं किंवा गलबताचं शीड वेगळं. पुढे झुकलेल्या डोलकाठीवर तिरकं चढवलेलं लांब परबाण, म्हणजे शिडाची काठी, आणि त्याला बांधलेलं शीड. वारा पाठीशी असला की ते एकाच मोठ्या झोळासारखं भरतं. बाजू बदलायची तर परबाण उभं करून डोलकाठीच्या पुढून फिरवायचं. त्याला बरीच माणसं लागत. म्हणून नाखवा शक्यतो बाजू बदलायचाच नाही, वारा आपल्या बाजूचा होईपर्यंत थांबायचा. ईशान्येचा मोसमी वारा धरून अरबस्तान-आफ्रिकेकडे जायचं आणि वारा उलटला की परतायचं, हा त्या व्यापाराचा पायाच होता. पावसाळ्यात बोटी ओढून वर ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायच्या. बेळगावच्या बाजारातला माल बैलांवर आणि गाड्यांवर घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचा, तोही याच वेळापत्रकानं. 1880च्या दशकाअखेर कॅसलरॉकवरून मुरगावला रेल्वे गेली आणि वेंगुर्ल्याचा हा व्यापार ओसरला.

खरा बदल 1920च्या दशकात झाला. हौशी बोटींवर तिकोनी, उंच, बर्म्युडा पद्धतीचं शीड सर्रास आलं. ते हाताळायला सोपं, माणसं कमी लागतात, आणि वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. शर्यती बहुधा वाऱ्याच्या तोंडावर चढूनच जिंकल्या जातात, त्यामुळे बोटी आखणाऱ्यांचं सगळं लक्ष तिकडेच गेलं. स्वेन सालेन या स्वीडिश नाविकानं 1926 मध्ये इटलीतल्या जेनोआच्या शर्यतीत डोलकाठीच्या मागपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड वापरलं. तेच आजचं जेनोआ. क्रूझिंगच्या, म्हणजे लांब फिरायच्या, बोटी शर्यतीच्या बोटींवरून काढल्या गेल्या आणि शर्यतीचा हा कल त्यांच्यातही उतरला. पाठच्या वाऱ्यासाठी जे हातचं होतं ते त्या काळात सुटलं. पुढची सगळी सामग्री म्हणजे ते परत मिळवण्याची धडपड आहे, असं माझं मत आहे.

त्याआधी जोशुआ स्लोकमनं एकट्यानं जगाची पहिली फेरी मारली, 1895 ते 1898. त्याची ‘स्प्रे’ रुंद आणि जुन्या वळणाची होती. 1897 मध्ये थर्सडे बेटापासून कोकोस कीलिंग बेटांपर्यंतचे 2,700 मैल त्यानं 23 दिवसांत कापले आणि सुकाणू हातात धरलं ते जेमतेम तीन तास. सामोआत व्हायलिमाच्या बागेतले बांबू त्यानं तोडून घेतले होते. त्यातला एक परतीच्या प्रवासात नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे, काढायची काठी म्हणून वापरला. जांबोटी-कणकुंबीकडच्या बांबूच्या बेटांशेजारी राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. चांगला वाळलेला बांबू हलका, लवचिक आणि फुकट. आज त्याच कामाच्या कार्बनच्या काठीची किंमत ऐकली की तो बांबू आणखी आवडू लागतो.

1930 मध्ये ओटवे वॉलर या आयरिश माणसानं आणि 1933 मध्ये मारँ-मारी या फ्रेंच चित्रकारानं आणखी एक युक्ती केली. मेनसेल उतरवायचं आणि नाळेवरून दोन सारखी शिडं दोन काठ्यांनी दोन्ही बाजूंना ताणून धरायची. त्यांचे दोर मागे सुकाणूला जोडायचे. बोट डावीकडे वळू लागली की एका शिडाचा ओढ वाढतो आणि सुकाणू आपोआप सरळ होतं. मारँ-मारी ‘विनिबेल’ घेऊन अटलांटिक असाच ओलांडून गेला. 1952 ते 1955 मध्ये एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी 30 फुटी ‘वाँडरर तिसरी’तून फेरी मारली, तीही अशाच जोडशिडांवर. 1960 नंतर वाऱ्याच्या पात्यावर चालणारी सुकाणू-यंत्रं आली आणि दोर सुकाणूला बांधायची गरज संपली. जोडशिडं मागे पडली, पण काठी राहिली. एका बाजूला मेनसेल, दुसऱ्या बाजूला काठीनं ताणलेलं जेनोआ, ही मांडणी तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

कापडाची गोष्ट थोडक्यात. सुती शीड भिजलं की जड होतं आणि कुजतं. फुग्यासारखं भरणारं स्पिनेकर इंग्लंडच्या शर्यतींत 1860च्या दशकात आलं, पण ते हलकं आणि मजबूत झालं दुसऱ्या महायुद्धानंतर, नायलॉन हाती आल्यावर. 1950च्या दशकात बाकीची शिडं पॉलिएस्टरची झाली. लाकडी डोलकाठ्या जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या. बेळगावकरांना हा धातू परका नाही. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढणारा कारखाना यमनापूरला आहेच.

पुढे 1970च्या दशकापासून दोन गोष्टींनी क्रूझिंगवाल्यांचं आयुष्य बदललं. पहिली म्हणजे पुढचं शीड गुंडाळणारा फर्लर. डोलकाठीवरून नाळेपर्यंत येणाऱ्या फोरस्टेच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियमची खाचवाली पट्टी असते आणि एक दोर ओढला की शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. बहुतेक पट्ट्यांना दोन खाचा असतात. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन्ही खाचांत एकेक शीड चढवून पुस्तकाची पानं उघडावीत तशी ती दोन बाजूंना उघडता येतात, आणि वारा वाढला की एकाच दोरानं दोन्ही गुंडाळता येतात. वॉलरची जोडशिडं अशी परत आली. दुसरी म्हणजे स्पिनेकरवर वरून खाली ओढायची लांब कापडी पिशवी, स्नफर. तिच्यामुळे नवरा-बायको दोघंच असली तरी मोठं स्पिनेकर आवरता येऊ लागलं.

याच सुमारास मागणीही वाढली. 1986 पासून दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे शेकडो बोटींचा ताफा जाऊ लागला. सुमारे 2,700 सागरी मैल, जवळजवळ सगळे पाठच्या वाऱ्याचे. घरच्या बोटी घेऊन निघालेल्या या मंडळींना आपल्या बोटीत काय कमी आहे ते तिथे कळायचं. तिकडे सिडनीच्या 18 फुटी स्किफ बोटींनी 1980च्या दशकात नाळेपुढे पक्की काठी काढून तिला असमान आकाराचं स्पिनेकर बांधलं. 1991च्या ‘जे 105’ बोटीनं आत-बाहेर सरकणारी काठी कारखान्यातूनच दिली. 1997-98च्या व्हिटब्रेड या जगाच्या फेरीच्या शर्यतीत ‘ईएफ लँग्वेज’ या बोटीनं कोड झिरो नावाचं पुढचं शीड आणलं. ते मुळात मंद वाऱ्यात बाजूनं जाण्यासाठी होतं, पाठच्या वाऱ्यासाठी नव्हे. विकणारे ते ‘सगळ्याला चालतं’ म्हणून गळ्यात मारतात. ऐकू नये.

इतका इतिहास सांगायचं कारण म्हणजे तुमची बोट कुठल्या दशकातली आहे यावर खरेदी ठरते. 1970-80च्या बोटींत मेनसेल लहान आणि जेनोआ मोठं. अशा बोटीला एक बरी काठी दिली की अर्धं काम झालं. नंतरच्या बोटींत उलट आहे. मेनसेल मोठं, पुढचं शीड अरुंद आणि डोलकाठीचे आडवे स्प्रेडर मागे झुकलेले. बर्गस्ट्रोम आणि रिडर या स्वीडिश जोडीनं तर मागची तार, बॅकस्टे, काढूनच टाकली आणि स्प्रेडर आणखी मागे नेले. मांडणी देखणी, पण मेनसेल पुरतं बाहेर सोडलं की ते स्प्रेडरवर घासतं आणि फाटतं. अशा बोटीला थेट पाठचा वारा मानवत नाही. तिला थोडा बाजूचा वारा देऊन असमान स्पिनेकरवर वळणं घेत न्यावं, किंवा मेनसेल उतरवून नुसत्या पुढच्या शिडांवर जावं.

कुठलीही बोट असो, पहिला खर्च प्रिव्हेंटरवर करावा. बूमच्या अगदी टोकापासून एक दोर नाळेपर्यंत न्यायचा, तिथल्या कप्पीतून वळवून मागे कॉकपिटात, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, आणायचा. बूम मग जागची हलत नाही आणि लागेल तेव्हा दोर हातानं सैल करता येतो. बरेच जण तो बूमच्या मध्यावर बांधतात. बोट डोलून बूमचं टोक पाण्यात बुडालं की बूम तिथेच मोडते.

दुसरा खर्च काठीवर. तिला तीन दोर हवेत, एक वर उचलणारा, एक पुढे ओढणारा, एक मागे. तिघांनी ती जागच्या जागी धरली की शिडाचा दोर तिच्या टोकातून नुसता सरकतो. रात्री वावटळ आली तर जेनोआ गुंडाळून घ्यायचं. काठी तशीच उभी राहते आणि नाळेवर जाऊन तिच्याशी झटापट करावी लागत नाही. मोठं रंगीत शीड सगळ्यात शेवटी. त्याचा हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, फोरस्टेच्या वरच्या अंगाला, फिरत्या कप्पीतून यायला हवा. खालून आला तर तारेवर घासून एका रात्रीत तुटतो, नाहीतर फर्लरला गुंडाळला जातो. नाळेवरच्या नांगराच्या रोलरला हे शीड बांधण्याआधी रोलर नीट तपासावा. तो खाली ओढणारा भार सोसायला केलेला असतो आणि स्पिनेकर वर उचलतं. मध्यम वाऱ्यापुढे ते उतरवायचंच आहे, हे दोघांच्या कुटुंबानं आधीच ठरवून ठेवावं.

यातलं थोडं सामान आपल्याकडे होऊ शकतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरला कप्पीची चाकं, बुश, काठीच्या टोकाची पिन अवघड नाही. फक्त नुसतं ‘स्टेनलेस’ मागू नये, 304 प्रतीचं हाती येईल. समुद्राला 316 लागतं. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला स्टेनलेस जोडताना मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर किंवा विलग ठेवणारा लेप हवाच. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा आणि त्यांची दाबून बसवलेली टोकं मात्र इथे करून घेऊ नयेत, ते काम त्यातल्या माणसाचं. पाठच्या वाऱ्याचं शीड वाढवलं की भारही वाढतो आणि जुनी तार तिथेच दगा देते. समुद्र खवळला तर नवी तारही पुरत नाही. अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेची डोलकाठी सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात गेली. टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन पडून होते, तिथून त्यांना सोडवावं लागलं.

गोवा-कारवारच्या पाण्यात फिरणाऱ्याला इतकं सगळं लागत नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो. दक्षिणेला, कारवार-कोचीकडे जाताना तो मागून आणि थोडा बाजूनं मिळतो. लक्षद्वीपकडे निघालं तर साधारण बाजूच्या मागून. प्रिव्हेंटर, स्नफरसह मध्यम आकाराचं असमान स्पिनेकर आणि ते बांधायला नाळेवर एक पक्की जागा, एवढ्यावर हंगाम निघतो. काठी घ्यायची ती मालदीव-सेशेल्सचा विचार असेल तेव्हा. परत येताना हाच वारा तोंडावर असतो. तेव्हा स्पिनेकर पिशवीत, पहाटेचा मतलई मिळेल तेवढा धरायचा आणि बाकीच्या वेळी इंजिन, त्यामुळे डिझेलचा हिशोब निघतानाच करून ठेवावा.