एचआर प्रणालीतील सेवाविषयक नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील जुन्या कारखान्यांपासून नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याची नेमणूक, कायम होणे, बदली, बढती, पगारवाढ, निलंबन आणि राजीनामा या सर्व घटना आता एचआर सॉफ्टवेअरमध्ये नोंदवल्या जातात. अशा प्रत्येक नोंदीला ‘ॲक्शन’ म्हणतात. तिचे तीन भाग असतात: काय घडले, कोणत्या कारणाने घडले आणि ते कोणत्या तारखेपासून लागू झाले. यांपैकी लागू तारीख सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सर्वाधिक वेळा चुकते, कारण आदेशावर सही झाल्याची तारीख, नोंद टंकल्याची तारीख आणि आदेश अमलात येण्याची तारीख या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

या तारखेवर किती अवलंबून असते, हे कामगार विम्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे आणि अंशदानाचे (विम्यासाठी पगारातून भरावयाच्या वर्गणीचे) कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. एखाद्याचा पगार कालावधी सुरू झाल्यानंतर या मर्यादेपलीकडे गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत त्याचे अंशदान सुरू राहते. समजा, २०,४०० रुपयांवरून २१,६०० रुपये करणारी पगारवाढ आदेशाप्रमाणे १ नोव्हेंबरपासून आहे, पण प्रणालीत ती १ ऑक्टोबरपासून नोंदली गेली. अशा वेळी कालावधी सुरू होतानाच पगार मर्यादेपलीकडे दिसल्याने कर्मचारी संपूर्ण सहामाहीच्या अंशदानातून वगळला जातो आणि त्या अंशदानावर आधारलेला, पुढील जुलै ते डिसेंबर या काळातील आजारपणाचा रोख लाभ त्याला मिळत नाही. एका महिन्याच्या चुकीची एवढी किंमत कोणाही कामगाराने मोजता कामा नये.

दुरुस्तीसाठी ज्याची नोंद आहे तो कर्मचारी स्वतः अर्ज करू शकतो. नोकरी सोडलेल्या व्यक्तीनेही आपल्या काळातील नोंदीबाबत अर्ज करण्यास हरकत नाही. बदली किंवा बढतीच्या नोंदीसाठी विभागप्रमुखही विनंती करू शकतो. मात्र नोंद टंकणारा आणि तिला मंजुरी देणारा एकच असू नये, असा माझा आग्रह आहे. लहान कंपन्यांत मनुष्यबळ कमी असते हे खरे, तरीही दुसरी सही घ्यावीच.

अर्ज करण्यापूर्वी एचआर विभागाकडून आपल्या सेवेच्या संपूर्ण इतिहासाची प्रत मागून घ्यावी आणि ती हातातील आदेशांशी ओळीने ताडून पाहावी. मूळ पुरावा आदेशाचाच असतो, म्हणून नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र, बदली किंवा बढतीचा आदेश, सुधारित वेतनपत्र आणि संबंधित महिन्याची पगारपावती यांच्या प्रती अर्जासोबत जोडाव्यात. विवाहानंतर नाव बदलले असल्यास महानगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र द्यावे, अन्य कारणाने बदलले असल्यास राज्य शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत द्यावी आणि आधार व पॅनवरील नाव आधी जुळवून घ्यावे. अर्जात ‘माझी नोंद चुकली आहे’ असे मोघम लिहू नये. सध्याची नोंद, अपेक्षित नोंद, लागू तारीख आणि आदेशाचा क्रमांक स्पष्ट लिहावा.

यापुढचा भाग अर्ज हाताळणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. जुनी नोंद मुळातच चुकीची असेल, तरच ती त्याच तारखेवर दुरुस्त करावी. परिस्थिती बदलली असेल, तर नव्या तारखेची नवी नोंद घालावी आणि जुनी तशीच ठेवावी. बहुतेक प्रणालींत हे दोन पर्याय वेगळे दिलेले असतात. पीपलसॉफ्ट या एचआर सॉफ्टवेअरमध्ये इतिहास दुरुस्त करण्याचा अधिकारच स्वतंत्र असतो आणि तो मोजक्या लोकांकडेच ठेवणे योग्य. एकाच दिवशी रबाळ्याहून महापेला बदली आणि बढती दोन्ही झाली असतील, तर दोन नोंदी अनुक्रमाने घालाव्यात.

निलंबन मागे घेतल्यावर ती नोंद पुसून टाकण्याची विनंती अनेकदा येते. तसे करू नये. निलंबन संपल्याची, कामावर पुन्हा रुजू झाल्याची वेगळी नोंद घालावी. स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) लागू असलेल्या आस्थापनेत निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो आणि विलंब कामगारामुळे झालेला नसेल, तर त्यानंतर ७५ टक्के मिळतो. मूळ तारखाच पुसल्या, तर हा हिशेब तपासण्याचे साधन कामगाराच्याच हातून निसटते.

मंजुरी मिळाल्यानंतर मागील महिन्यांच्या पगाराचा फरक निघतो का, हे वेतन विभागाकडून लेखी घ्यावे आणि सुधारित इतिहासाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

कंपनीतील नोंद दुरुस्त झाली, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतील नोंद आपोआप सुधारते, असे मात्र नाही. ज्यांचा यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक) १ ऑक्टोबर २०१७ रोजी किंवा त्यानंतर आधार पडताळणीसह मिळाला आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख यांसारख्या बाबी सदस्य पोर्टलवर स्वतः दुरुस्त करता येतात. इतरांना मालकामार्फत संयुक्त घोषणापत्र (सदस्य आणि मालक दोघांचे निवेदन) द्यावे लागते. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी सदस्य ती स्वतः नोंदवू शकतो. तेथे भरलेली तारीख कार्यमुक्तीच्या पत्रावरील तारखेशी तंतोतंत जुळली पाहिजे.

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी मूळ अभिलेख सेवापुस्तक हाच असतो, त्यामुळे त्यांनी कार्यालयप्रमुखामार्फत अर्ज करावा. जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, ही मुदत त्यांनी ध्यानात ठेवावी.