पार्श्वभूमी : पार्वोव्हायरस बी-१९ आणि गालांवरची उशिराची लाली

आपल्याकडे ‘पार्वो’ म्हटलं की कुत्र्याचं पिल्लू आठवतं. रक्ताचे जुलाब, सलाइन आणि ‘लस राहूनच गेली’ अशी हळहळ. तो विषाणू १९७८च्या सुमारास कुत्र्यांमध्ये जगभर पसरला, पण माणसाला तो होत नाही. माणसाचा पार्वो निराळा आणि तो पिल्लांना होत नाही. पिल्लू आजारी पडलं म्हणून घरातल्या गरोदर बाईला माहेरी धाडायचं काही कारण नाही.

माणसातला हा विषाणू सापडला तो अपघातानेच. लंडनमध्ये ‘ब’ काविळीच्या रक्तचाचण्या पारखून घेत असताना नमुन्यांच्या ‘बी’ संचातला १९ नंबरचा नमुना विचित्र वागला. १९७५मध्ये तसं प्रसिद्ध झालं आणि नमुन्याचा नंबरच विषाणूचं नाव होऊन बसला. नाव मिळालं, आजार मात्र नव्हता. १९८१मध्ये सिकल सेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांचं हिमोग्लोबिन एकाएकी कोसळतं, त्यामागे हाच असल्याचं कळलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘पाचवा आजार’ही त्याच्याच खात्यावर जमा झाला. मुलांच्या पुरळाच्या आजारांना युरोपात एकेकाळी क्रमांक दिले होते, त्यातला हा पाचवा. थोबाडीत मारल्यासारखे लाल गाल ही त्याची खूण. सावळ्या गालांवर ती लाली सहज दिसत नाही, हे पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या मुलांच्या फोटोंवरून कळायचं नाही.

खरी गोम १९८५च्या एका प्रयोगात उघडी पडली. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू सोडला. साधारण आठवड्याभरात रक्तात विषाणूचा पूर आला, थोडा ताप आला, कणकण वाटली आणि नव्या तांबड्या पेशी तयार होणं थांबलं. पुरळ आणि सांधेदुखी उगवली तिसऱ्या आठवड्यात, तोवर संसर्ग ओसरलेला होता. म्हणजे पुरळ विषाणूमुळे थेट येत नाही, शरीराने उशिरा दिलेल्या उत्तराची ती खूण असते. गाल लाल झालेलं पोर बहुधा कुणाला काही देत नाही. जे काही द्यायचं ते त्याने आठवड्यापूर्वी, साध्या सर्दीच्या वेषात वाटून टाकलेलं असतं.

मग शाळेत साथ आली तर गरोदर बाईंनी वर्गावर जावं का? वाद इथेच पेटला आणि अजून विझलेला नाही. गर्भाच्या नव्या पेशी बनणं थांबलं तर त्याला तीव्र रक्तक्षय होतो, अंगात पाणी भरतं. पहिल्या वीस आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर बाळाला गंभीर धोका साधारण ५ ते १० टक्के. वेळीच कळलं तर नाळेतून रक्त देऊन बाळ वाचवता येतं. १९८९मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने सांगितलं की गरोदर स्त्रियांना सरसकट कामावरून दूर ठेवू नका. कारणं पटण्यासारखी होती. पुरळ दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो, सुमारे निम्म्या प्रौढांना बालपणीच होऊन गेलेला असतो आणि घरचं पोरच आईला तो जास्त देतं. जर्मनीने उलटी वाट धरली. तिथे बालवाडीत काम करणारी, प्रतिकारशक्ती नसलेली गरोदर स्त्री साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत त्या कामावर येत नाही.

शास्त्र अमेरिकन सल्ल्याच्या बाजूने आहे, हे मान्य. पण ‘निम्म्या जणींना होऊन गेलेला असतो’ हे वाक्य उरलेल्या निम्म्यांच्या काय उपयोगाचं? जर्मन पद्धतीत निदान आधी रक्त तपासून बाई कुठल्या निम्म्यात आहे ते पाहतात. आपल्याकडे गरोदरपणात ‘टॉर्च’ तपासणी, म्हणजे गर्भाला अपाय करणाऱ्या ठरावीक संसर्गांची रक्तचाचणी, सर्रास होते, पण त्या ठरीव चार नावांत पार्वो सहसा नसतो.

करोनाच्या निर्बंधांत हा विषाणू जवळजवळ दिसेनासा झाला होता. तेवढ्या काळात संसर्ग न झालेल्या मुलांची संख्या वाढत गेली. २०२४मध्ये युरोपात मोठी लाट आली, मग अमेरिकेत. तिथे ताज्या संसर्गाची खूण असलेल्या चाचण्यांचं प्रमाण जून २०२४मध्ये १० टक्क्यांवर गेलं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत ते ४० टक्के होतं. लस अजूनही नाही.

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात मात्र गरोदर शिक्षिकेइतकीच सिकल सेलच्या मुलाची काळजी करायला हवी. निरोगी माणसाची तांबडी पेशी १२० दिवस टिकते, म्हणून आठवडाभर कारखाना बंद राहिला तरी कुणाला पत्ता लागत नाही. सिकल सेलमध्ये ती दहा-वीस दिवसच जगते. तेवढ्या खंडाने पोर पांढरंफटक पडतं, धाप लागते, रक्त चढवावं लागतं. अशा मुलाच्या अंगावर बहुधा पुरळ नसतं आणि ते दवाखान्यात येतं तेव्हा विषाणू भर जोमात असतो. १९८९च्या त्याच सल्ल्यात अशा रुग्णाला वॉर्डात वेगळं ठेवायला सांगितलं होतं. लाल गालांचं पोर शाळेत चालेल, पण हे फिकट पोर प्रसूतीच्या वॉर्डाजवळ नको.